स्वतःचा सर्व्हर : किल्ली कोणाच्या हाती?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राजधानीतून एक बातमी आली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ईमेल-पेट्या, पंतप्रधान कार्यालयातील पेट्यांसह, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या यंत्रणेवरून झोहो या खासगी कंपनीने उभारलेल्या यंत्रणेवर नेण्यात आल्या. याचे कंत्राट २०२३ मध्येच देण्यात आले होते आणि ते ७ वर्षांचे आहे. पत्ते बदललेले नाहीत. नावाच्या शेवटी 'एनआयसी डॉट इन' किंवा 'जीओव्ही डॉट इन' ही सरकारी अक्षरे पूर्वीप्रमाणेच लागतात. त्यामुळे सरकारी कचेरीला पत्र पाठविणाऱ्या सामान्य नागरिकाला काही घडले आहे असे जाणवण्याचे कारणही नाही. दारावरची पाटी तीच राहिली; घराचा कारभारी मात्र बदलला.

सरकारपक्षाने या घटनेचे स्वागत 'स्वदेशी'चा विजय म्हणून केले. ८ ऑक्टोबर रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला स्वतःचा ईमेल-पत्ताही झोहोवर नेल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना याच कंपनीची कार्यालयीन साधने वापरण्याचा आदेश दिला. झोहो ही भारतीय कंपनी आहे, तिचे मुख्यालय तामिळनाडूत आहे आणि जगातील बलाढ्य अमेरिकन कंपन्यांशी स्पर्धा करून तिने आपले स्थान मिळविले आहे, हे सारे खरे. येथील अभियंत्यांच्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे काहीच प्रयोजन नाही. परंतु जे काम सार्वजनिक संस्था स्वतः करीत होती ते काम खासगी कंत्राटात गेले, ही वस्तुस्थिती स्वदेशीच्या जयघोषाने बदलत नाही. 'देशी' आणि 'स्वतःचे' हे दोन शब्द समानार्थी नाहीत. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे त्याचा विचार कामगार संघटना, किसान सभा, विद्यार्थी संघटना आणि पक्षाची कार्यालये यांनी करण्याची वेळ आलेली आहे. कारण त्यांचा स्वतःचा पत्रव्यवहार आज कोणाच्या घरी राहतो, हा प्रश्न सरकारी पत्रव्यवहाराच्या प्रश्नापेक्षा मुळीच कमी निकडीचा नाही.

एका रात्रीत लागलेले कुलूप

दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहण्याचा अर्थ काय होतो, याचा पुरावा त्याच वर्षी जुलै महिन्यात मिळाला होता. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणारी नायरा एनर्जी ही भारतात नोंदलेली कंपनी. तिच्यात रॉसनेफ्ट या रशियन कंपनीचा ४९.१३ टक्के वाटा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने नायरावर निर्बंध जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा स्थगित केल्या. कर्मचाऱ्यांच्या ईमेल-पेट्या बंद झाल्या. सेवेचे पैसे भरलेले होते, पेट्यांमधील माहिती नायराची स्वतःचीच होती आणि भारतातील कोणत्याही कायद्याने वा न्यायालयाने असा आदेश दिलेला नव्हता. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जुलैअखेर सेवा पूर्ववत सुरू झाल्या.

नायरा ही काही श्रमिकांची संस्था नव्हे. तिच्याजवळ निष्णात वकील आहेत, पैसा आहे, आणि देशाच्या तेलपुरवठ्यातील तिचे स्थान पाहता तिच्या तक्रारीची दखल घेणे सर्वांनाच भाग होते. प्रश्न वेगळा आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला आपली पत्रपेटी उघडण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागत असेल, तर एखाद्या जिल्हा पातळीवरील कामगार संघटनेचे खाते 'नियमभंग' असे मोघम कारण देऊन बंद केले गेल्यास ती कोणाकडे दाद मागणार? फुकट खाते वापरणाऱ्याजवळ ना पैसे भरल्याची पावती असते, ना तक्रार ऐकून घेणारा माणूस. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ओंजळ केव्हा मिटेल हे विचारायचे नसते, असा हा व्यवहार आहे.

यावर असे सांगितले जाते की, आता मोठमोठी माहिती-केंद्रे भारतातच उभी राहत आहेत, ग्रेटर नोएडात ऑक्टोबर २०२२ मध्ये असेच एक विशाल केंद्र सुरू झाले. तेव्हा माहिती देशातच राहील आणि भीतीचे कारण उरणार नाही. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेने २०१८ साली केलेल्या 'क्लाउड' कायद्यानुसार तेथील कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील माहिती, ती जगात कोठेही साठविलेली असली तरी, अमेरिकन तपासयंत्रणांच्या वैध मागणीनुसार सादर करावी लागते. इमारत नोएडातील असली, वीज उत्तर प्रदेशातील असली आणि पहारेकरी बिहारमधून आलेला असला तरी किल्ली कोठे आहे यावरच सर्व काही ठरते.

पत्र, टपालघर आणि 'ढग'

या व्यवहारात 'क्लाउड' म्हणजे ढग हा शब्द मोठ्या कौशल्याने रूढ करण्यात आला आहे. ढग कोणाच्या मालकीचा नसतो, त्याला वीज लागत नाही, त्याच्यापाशी कामगार राबत नाहीत. प्रत्यक्षात हा ढग म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील दुसऱ्याचा संगणक असतो. सर्व्हर हा शब्द ऐकून बुजण्याचेही कारण नाही. जो संगणक रात्रंदिवस चालू राहतो आणि इतर संगणकांनी मागितलेली वस्तू त्यांना पोहोचवितो तो सर्व्हर. त्यावर पत्रे ठेवली तर ते टपालघर होते, कागदपत्रे ठेवली तर दप्तरखाना होतो, सभासदांची यादी ठेवली तर नोंदवही होते.

ईमेलची मूळ रचना मक्तेदारीची नाही, ही गोष्ट आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरकडे पत्र कसे सोपवावे याचा नियम जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केला. तो नियम कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याचे मूळ सूत्र आजही चालू आहे. गावोगावची टपालघरे जशी परस्परांची पत्रे स्वीकारतात, तसा हा करार आहे. ज्याच्याजवळ संगणक, जोडणी आणि एक नाव आहे त्याने आपले टपालघर उघडावे, कोणाचीही परवानगी मागू नये, अशी ही व्यवस्था होती. टेलिफोनवर चालणाऱ्या आजच्या निरोप-सेवांची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे एका कंपनीचा ग्राहक सहसा दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला निरोप धाडू शकत नाही. दोघांनीही एकाच मालकाच्या अंगणात यावे लागते.

या मुक्त व्यवस्थेवर मक्तेदारी कशी बसली? कायद्याने नव्हे, सोयीने. गूगलने २००४ मध्ये जीमेल सुरू केले तेव्हा प्रत्येकाला एक गिगाबाइट जागा फुकट देऊ केली. त्या काळी ती थक्क करणारी होती. कोट्यवधी लोक तेथे गेले. पत्रांचा बहुतांश ओघ मूठभर कंपन्यांकडे वळला, तेव्हा कोणते पत्र स्वीकारावे आणि कोणते कचऱ्यात टाकावे हे ठरविण्याची सत्ताही व्यवहारतः त्यांच्याकडेच आली. हे थांबविण्यासारखे जे उपाय होते ते कष्टाचे होते, आणि सोय आयती मिळत असताना कष्ट कोण करणार?

जेव्हा मोठ्या मालकाने घर सोडले

दिल्लीच्या सत्तावर्तुळात आज असे मानले जाते की एवढे गुंतागुंतीचे काम सार्वजनिक संस्थेला जमणार नाही. हे मत इतिहासाला धरून नाही. १९७० च्या दशकात भारतातील संगणक-व्यवहारावर आयबीएम या अमेरिकन कंपनीचे प्रभुत्व होते. यंत्रे विकत न देता भाड्याने देण्याची तिची पद्धत होती. म्हणजे यंत्र ग्राहकाच्या खोलीत आणि मालकी न्यूयॉर्क राज्यातील मुख्यालयात. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना येथील शाखांमधील आपला वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमने ते नाकारले आणि जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ती देश सोडून गेली.

त्या वेळीही भाकिते झाली होती की आता यंत्रे गंजतील. तसे झाले नाही. १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने देशभरातील ८०० हून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल आपल्याकडे घेतली. या कंपनीचे नावच बोलके आहे. ते संगणक बनविण्याचे किंवा विकण्याचे नाही, संगणकाच्या देखभालीचे आहे. परकीयांची यंत्रे ताब्यात आली ती त्यांच्यावर झेंडा लावल्याने नव्हे. भारतीय तंत्रज्ञांनी ती उघडली, समजून घेतली आणि चालू ठेवली म्हणून. याच कंपनीने पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास नवी दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एनआयसीने त्याच दशकात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडण्यास प्रारंभ केला. हे सारे सार्वजनिक क्षेत्रातील पगारी तंत्रज्ञांनी केले.

त्यानंतरची कथाही सांगितली पाहिजे. २००१ मध्ये केंद्र सरकारने सीएमसीतील ५१ टक्के भाग टाटा समूहाला विकला आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. एनआयसी टिकून राहिली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन हेरगिरीचे प्रचंड जाळे उघडकीस आणले. सरकारी अधिकारी परदेशी कंपन्यांच्या फुकट पेट्या वापरतात याविरुद्ध के. एन. गोविंदाचार्य यांची याचिका त्या काळात दिल्ली उच्च न्यायालयासमोर होती. सार्वजनिक अभिलेख देशाबाहेर नेण्यावर १९९३ च्या कायद्याने निर्बंध असताना सरकारी पत्रे अमेरिकेत कशी साठविली जातात, हा तिच्यातील बिनतोड प्रश्न होता. अखेर २०१५ च्या फेब्रुवारीत अधिसूचित झालेल्या ईमेल धोरणाने सरकारी कामासाठी खासगी सेवा वापरू नयेत आणि एनआयसीचीच सेवा वापरावी असे ठरविले. त्या निर्णयानंतर सुमारे दहा वर्षांनी पेट्या पुन्हा खासगी यंत्रणेवर गेल्या. सरकारी क्षमता वाढविण्याऐवजी ती उसनी घेण्याचा मार्ग निवडला गेला. ७ वर्षांनी कंत्राट संपेल तेव्हा एवढी मोठी यंत्रणा चालविण्याचा सराव असलेले किती हात सरकारी सेवेत उरले असतील, हा खरा प्रश्न आहे. कौशल्य हे कपाटात ठेवलेले धान्य नाही. वापरले नाही तर ते नाहीसे होते.

एम्सचा धडा

तथापि येथे थांबून 'म्हणून सर्वांनी आपापला सर्व्हर उभारावा' अशी घोषणा देणे हा उतावीळपणा ठरेल. दिल्लीतच याची दुसरी बाजूही दिसली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या म्हणजे एम्सच्या संगणक-यंत्रणेवर हल्ला झाला. खंडणीखोर सॉफ्टवेअरने माहिती कुलूपबंद केली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती वाचता येऊ नये अशा रूपात बदलली गेली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक केसपेपरसाठी रांगेत उभे होते. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले, सारे काही पुन्हा कागद-पेनावर आले आणि ही स्थिती दोन आठवड्यांच्या आसपास टिकली.

हे सर्व्हर एम्सचे स्वतःचे होते. एम्सची माहिती-यंत्रणा एम्स स्वतःच सांभाळीत होती, हेही सरकारनेच सांगितले. हल्ला यशस्वी होण्याचे कारण असे देण्यात आले की जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते. साध्या भाषेत सांगायचे तर एका खोलीला लागलेली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये यासाठी मध्ये ज्या भिंती हव्यात त्या नव्हत्या. आणि यातून सुटका कशामुळे झाली? रुग्णालयाची माहिती एका राखीव सर्व्हरवर सुरक्षित राहिली होती, तेथून ती परत मिळविता आली.

मालकीचा अर्थ या घटनेत उघडा पडतो. सर्व्हर विकत घेतल्याने तो 'स्वतःचा' होत नाही. ज्याची देखभाल होत नाही तो सर्व्हर कागदोपत्री संस्थेचा आणि प्रत्यक्षात पहिल्या चोराचा असतो. देखभाल हे श्रम आहेत. ते नियमित, कंटाळवाणे आणि कोणाच्या नजरेत न भरणारे श्रम आहेत. सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करणारे नवे भाग वेळेवर बसविणे, कोण आत आले त्याची नोंद पाहणे, राखीव प्रती काढणे आणि त्या प्रतींतून माहिती खरोखर परत येते की नाही याची ठराविक काळाने परीक्षा घेणे, हे ते काम. उद्घाटनाला मंत्री येतात, देखभालीला कोणी येत नाही.

एकट्याच्या घरातील सर्व्हर

नोएडा, गुरुग्राम, पुणे, बंगळूर येथील काही तरुण तंत्रज्ञ आपल्या घरातच लहानसा सर्व्हर चालवितात. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, नेक्स्टक्लाउडसारखा दप्तरखाना, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही पत्रे वाहून नेणारी व साठविणारी सॉफ्टवेअर यांसाठी कोणालाही परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. कोणीही ती वापरावीत, उघडून पाहावीत, सुधारावीत आणि पुढे वाटावीत. श्रमांचे फळ सर्वांसाठी खुले ठेवण्याचा हा जगभरचा व्यवहार पाहिल्यावर नफ्याशिवाय कोणी काही निर्माणच करीत नाही हा युक्तिवाद टिकत नाही. दिल्लीत १९७८ पासून कार्य करणाऱ्या दिल्ली सायन्स फोरमच्या परिसरातील कार्यकर्त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला तो याच जाणिवेने.

परंतु घरातील ईमेल-सर्व्हर चालविताना या तरुणांना ज्या अडचणी येतात त्या लपविण्यात अर्थ नाही. घरगुती जोडणीचा अंकीय पत्ता वारंवार बदलतो. बाहेर पत्र पाठविण्याची जी वाट आहे ती अनेक जोडणी-कंपन्या आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या सुरुवातीपासून बंदच ठेवतात, कारण तिचा गैरवापर करून निरुपयोगी पत्रांचा पाऊस पाडला जातो. पत्र खरेच त्या नावाने आले आहे हे सिद्ध करण्यासाठी नावाच्या नोंदीत तीन गोष्टी लिहाव्या लागतात. कोणते सर्व्हर या नावाने पत्र पाठवू शकतात ते सांगणारी एसपीएफ ही पहिली, प्रत्येक पत्रावरील गुप्त मोहोर पडताळणारी डीकेआयएम ही दुसरी, आणि परीक्षेत न उतरलेल्या पत्राचे काय करावे ते सांगणारी डीएमएआरसी ही तिसरी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांसाठी ही तिन्ही सक्तीची केली. एवढे करूनही नव्या, अपरिचित सर्व्हरचे पत्र कचऱ्याच्या पेटीत पडू शकते. आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात वीज गेली, घरातील तो एकटा तंत्रज्ञ आजारी पडला किंवा नोकरीसाठी परगावी गेला, की टपालघरही बंद!

घरातील सर्व्हर ही शिकण्याची उत्तम शाळा आहे. संघटनेचा आधार मात्र ती होऊ शकत नाही. एका कंपनीच्या मर्जीवरून एका व्यक्तीच्या मर्जीवर येणे ही मुक्ती नाही.

जप्तीचा प्रश्न

आणखी एक बाजू आहे आणि राजधानीतील लोकशाहीवादी शक्तींना ती अनुभवाने माहीत आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी न्यूजक्लिक या वृत्तसंस्थेशी संबंधित पत्रकार व अन्य व्यक्तींच्या घरांवर एकाच दिवशी छापे घातले. लॅपटॉप, टेलिफोन आणि इतर साधने जप्त झाली. संस्थेचे संपादक प्रबीर पुरकायस्थ, जे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील जुने कार्यकर्तेही आहेत, त्यांना अटक झाली. ती अटक सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी बेकायदा ठरविली. पण मधल्या काळात ज्यांची साधने गेली त्यांचे अनेक वर्षांचे काम, टिपणे आणि संपर्क त्यांच्या हाताबाहेर होते. पत्रकारांची साधने जप्त करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे हवीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले.

तात्पर्य असे की कार्यालयाच्या कपाटातील एकुलता एक सर्व्हर म्हणजे एका छाप्यात, एका आगीत किंवा एका पुरात नाहीसे होणारे दप्तर. सर्व्हर स्वतःचा असला म्हणून गुप्तता आपोआप मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जीमेलच्या पेटीत गेलेल्या पत्राची एक प्रत गूगलकडे जाणारच. कायद्याने मागितलेली माहिती स्वतःच्या सर्व्हरवरूनही मागितली जाऊ शकते. स्वतःच्या सर्व्हरमुळे जे मिळते ते वेगळे आहे. पत्रे वाचून ग्राहक विकणारा दलाल मध्ये राहत नाही. परस्पर कुलूप लावणारा मालक राहत नाही. आणि कोणी माहिती मागितली तर ती कोणी व केव्हा मागितली हे संघटनेला कळते. लोकशाही संघटनेच्या दृष्टीने या तीन गोष्टी लहान नाहीत.

सामुदायिक मार्ग

मग करावयाचे काय? सद्यःस्थिती पाहावी. कित्येक संघटनांचा पत्रव्यवहार सचिवाने स्वतःच्या नावाने उघडलेल्या फुकट खात्यावर चालतो. सचिव बदलला की पासवर्डचा शोध सुरू होतो. ठराव, मागणीपत्रे, वाटाघाटींची इतिवृत्ते जुन्या पेटीतच राहतात. सभासदांची यादी कोणाच्या तरी खासगी टेलिफोनवर असते. चामड्याच्या पिशवीतून इतिवृत्ताची वही नेणाऱ्या जुन्या पिढीतील कार्यकर्त्यांनी दप्तराची जी शिस्त पाळली ती यंत्राच्या आगमनाबरोबर का सैल व्हावी?

सुधारणेचा प्रारंभ सर्व्हरपासून नको, नावापासून करावा. संघटनेचे स्वतःचे डोमेन-नाव घेण्यास वर्षाला लागणारा खर्च एका लहान सभेच्या चहापाण्याइतका असतो. 'डॉट इन' नावांची नोंद ठेवणारी संस्था नवी दिल्लीतच आहे. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' हे नावही उपलब्ध झाले, मराठीत नाव घेता येते. पण देवनागरी पत्त्यावरील ईमेल स्वीकारण्यात अनेक सर्व्हर अजून मागे आहेत, म्हणून रोमन नावही सोबत घ्यावे. नाव व्यक्तीच्या नव्हे, संघटनेच्या नावे नोंदवावे. नाव स्वतःचे असले की त्यामागील टपालघर उद्या बदलता येते. पत्ता छापलेली पत्रके फेकून द्यावी लागत नाहीत. दिल्लीतील सरकारी पेट्या पत्ता न बदलता हलल्या त्या याच कारणाने. जे सरकारला शक्य झाले ते संघटनेलाही शक्य आहे, आणि उलट दिशेनेही शक्य आहे.

दुसरी पायरी दप्तराची. कागदपत्रे, छायाचित्रे, याद्या आणि सभांची इतिवृत्ते आधी स्वतःच्या सर्व्हरवर आणावीत. येथे बाहेरच्या सर्व्हरची मर्जी सांभाळावी लागत नाही आणि चूक झाली तर दुरुस्तीला वाव असतो. ईमेल ही शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी. तोपर्यंत पत्रपेट्या भाड्याने घ्याव्या लागल्या तरी चालेल; पण स्वतःच्या नावाखाली, पैसे भरून आणि प्रती स्वतःकडे ठेवून.

तिसरी गोष्ट संघटनेची. एकेका शाखेने एकेक सर्व्हर उभारू नये. दहा-पंधरा संघटनांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक सर्व्हर चालवावा, त्याच्या देखभालीसाठी तंत्रज्ञ नेमावा आणि त्याला रास्त वेतन द्यावे. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. 'पोरगा हुशार आहे, रात्री बसून करील' या वृत्तीने चळवळीने आपल्याच तरुण कार्यकर्त्यांचे श्रम फुकट वापरणे शोभत नाही. ते काम टिकतही नाही. किल्ल्या किमान तिघांकडे असाव्यात, त्यांची नोंद समितीच्या इतिवृत्तात असावी आणि पदाधिकारी बदलले की किल्ल्याही बदलाव्यात. राखीव प्रत दुसऱ्या शहरात असावी. दिल्लीची प्रत नागपुरात आणि नागपूरची सोलापुरात ठेवणे आज काही मिनिटांचे काम आहे. वर्षातून दोनदा त्या प्रतीतून सर्व काही परत उभे करून पाहावे. ज्या प्रतीची कधी परीक्षाच घेतली नाही ती प्रत म्हणजे केवळ समाधान.

यावर आक्षेप येईल की, मोर्चे, संप, पिकांचे भाव, कामाचे तास हे प्रश्न समोर असताना या यांत्रिक उठाठेवीला वेळ कोठे आहे? १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला आणि कलकत्त्याच्या इलाको हाऊसवर रात्रंदिवस पहारा दिला, तेव्हा त्यांची 'यंत्राचे शत्रू' म्हणून टवाळी झाली. त्यांच्यासमोरचा प्रश्न भाकरीचा होता. यंत्र आल्यावर माणसाचे काय होणार, आणि ते कोण ठरविणार? तो प्रश्न सुटलेला नाही. तो आज संघटनेच्या टेबलावरील यंत्रात येऊन बसला आहे. संपाची नोटीस, सभासदांच्या पत्त्यांची यादी आणि वाटाघाटींचे टिपण ज्या पेटीत आहे ती पेटी कोण उघडू शकतो, हा संपाच्या तयारीचाच भाग आहे.

देखभाल करणारे हात नसतील तर सर्व्हरची मालकी फार काळ टिकत नाही. सरकारने आपले हात दूर केले, एम्सने ते पुरेसे लावले नाहीत, सीएमसीच्या तंत्रज्ञांनी एकेकाळी ते लावले आणि परकीय यंत्रेही आपली केली. या तीन उदाहरणांपैकी कोणते अनुसरावयाचे हे दिल्लीतील राज्यकर्ते ठरविणार नाहीत. प्रत्येक जिल्हा समितीने आपल्या पुढील बैठकीत एकच साधा विषय घ्यावा: संघटनेची पत्रे, याद्या आणि इतिवृत्ते आज कोठे आहेत आणि त्यांची किल्ली कोणाच्या खिशात आहे? ज्या समितीला याचे उत्तर पाच मिनिटांत देता येणार नाही, तिचे पहिले काम तिच्यासमोरच आहे.